टपावरची अँटेना आणि तिच्याखालचा पत्रा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

फिरत्या घरावर, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीवर, हौशी रेडिओची (हॅम रेडिओची) अँटेना कशी बसवावी या माझ्या लेखावर आपण प्रतिक्रिया पाठवलीत. तिच्यातले आपले आक्षेप तीन आहेत. फिरत्या घराच्या टपाला भोक पाडण्याचा माझा सल्ला गळतीला आमंत्रण देणारा आहे; पाव तरंगलांबीच्या (रेडिओ लहरीच्या लांबीच्या चतुर्थांशाएवढ्या) अँटेनापेक्षा पाच-अष्टमांश तरंगलांबीची अँटेना केव्हाही सरस असते; आणि आपल्या फायबरच्या टपावर तळहाताएवढी लोखंडी तबकडी चिकटवून तिच्यावर बसवलेल्या चुंबकी अँटेनाचा एसडब्ल्यूआर (अँटेना केबलशी किती जुळते ते दाखवणारा आकडा; १ म्हणजे उत्तम) १.२ येत असल्याने माझे लेखन पुस्तकी ठरते. शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण खरी गोम तिथेच आहे.

केबलमधून किती शक्ती परत येते, एवढेच एसडब्ल्यूआर सांगतो; गेलेली शक्ती कुठे खर्ची पडली, हे तो सांगत नाही. केबलच्या टोकाला ५० ओहमचा डमी लोड (शक्ती उष्णतेत जिरवणारा रोध) लावला तर मीटर १.० दाखवतो, आणि तरीही आपली हाक शेजारच्या गावापर्यंत जात नाही. पाव तरंगलांबीची अँटेना ही मुळात अर्धीच अँटेना असते. उरलेली अर्धी म्हणजे तिच्याखालचा पत्रा. गाडीतून वापरायच्या १४५ मेगाहर्ट्झ वारंवारतेला पाव तरंगलांबी सुमारे अर्धा मीटर भरते, म्हणून बुडापासून चहूकडे तेवढा धातू असावा लागतो. आपल्या तबकडीत तो नसल्यामुळे केबलची बाहेरची जाळीच अँटेनाचे काम करत असावी, अशी माझी शंका आहे. पडताळा सोपा आहे: सोबतच्या कुणाला तरी कमी शक्तीवर प्रक्षेपण करायला सांगून आपण गाडीतली केबल मुठीत धरावी, मीटरचा काटा हलला, तर केबलवरून प्रवाह परत वाहतो आहे. टपाच्या आतल्या बाजूने मीटरभर लांबीरुंदीचा ॲल्युमिनियमचा पत्रा बसवून अँटेनाचे बूड त्याला नीट जोडावे, किंवा पत्र्यावाचून चालणारी अर्ध-तरंगलांबीची अँटेना घ्यावी. पत्रा बसवल्याचा आणखी एक लाभ असा, की खाली झोपणाऱ्यांच्या डोक्यावर होणारे उत्सर्जन त्याने कमी होते. फायबर ते मुळीच अडवत नाही.

पाच-अष्टमांश अँटेनाचा लाभ कागदावर फार तर ३ डेसिबल, म्हणजे एस-मीटरवर (येणाऱ्या लहरींची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर) अर्धा एकक. परभणीहून नांदेडकडे सपाट रस्त्याने जाताना तो उपयोगी पडेल, हे मान्य. परंतु ही अँटेना सव्वा मीटरची, आणि गाडीचा टपच मुळात जमिनीपासून पावणेतीन मीटरवर. केजच्या अलीकडे एका बाभळीने माझी अशी अँटेना बुडापासून वाकवली, तेव्हापासून मी अर्ध्या मीटरच्या सळईवर समाधानी आहे. शिवाय मांजरसुंब्याच्या घाटात, जिथे रिपीटर (आपली हाक पकडून पुढे पाठवणारे केंद्र) माथ्यावर आणि आपण दरीत असतो, तिथे उंच कोनात लहरी सोडणारी आखूड अँटेनाच अनेकदा बरी पडते.

गळतीचे म्हणाल, तर पाऊण इंचाच्या भोकाच्या कडांना प्रायमर लावून, वरून रबरी कडे बसवून आणि खालच्या बाजूने पत्रा घासून उघडा करून घट्ट आवळले, तर पाणी आत येत नाही. याउलट चुंबकाखाली वैशाखातली धूळ साचते, रंग खरवडला जातो आणि पुढे आषाढात तिथेच गंज धरतो. दाराच्या रबराखालून ओढलेली केबल चेपते, ती वेगळीच.

४० मीटर बँडवर (सुमारे ७ मेगाहर्ट्झच्या लांब लहरींवर) मात्र यांपैकी काहीच कामाचे नाही. मुक्कामी पोचल्यावर सुमारे वीस मीटरची तार मधोमध तोडून, तिथून केबल देऊन ताणावी, हे बरे. फक्त शेतावरून गेलेल्या विजेच्या तारांपासून दूर, आणि वळवाचे ढग दिसू लागले की उतरवून.

एक चूक माझ्या पदरी येते. मूळ लेख मी लोखंडी पत्र्याचा टप गृहीत धरून लिहिला आणि तसे कुठेही म्हटले नाही. फायबरच्या टपाला भोक पाडून त्याखाली पत्रा न बसवता अँटेना लावणाऱ्याला माझ्या सल्ल्याने काहीच मिळाले नसते. आज त्या परिच्छेदात ‘टप लोखंडी पत्र्याचा असल्यास’ हे शब्द घातले आहेत.