‘तीन दिवसांचा गोवर’ आणि डोहाळजेवण

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर दर वर्षी फिरून येतो. म्हणणं असं: रुबेला म्हणजे तीन दिवसांचा गोवर. पुरळ बघून ओळखता येतो, कडुनिंबाच्या पाल्याने जातो, मुलींना लहानपणीच होऊन गेलेला बरा. आणि लस टोचली तर पुढे मूल होत नाही. यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, त्याच्याच जिवावर बाकीची खपतात.

रुबेला हा गोवराहून वेगळ्या विषाणूचा आजार, आणि मुलाला तो खरंच फार छळत नाही. बारीक ताप, कानामागे आणि मानेत गाठी, चेहऱ्यावरून खाली उतरत जाणारं फिकट पुरळ, तीनेक दिवसांत सगळं साफ. मोठ्या बायकांची बोटं, मनगटं, गुडघे मात्र काही दिवस चांगलेच धरतात.

पण रुबेलाचा खरा फटका ज्याला पुरळ उठतं त्याला बसतच नाही. १९४१ साली सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळं एकामागून एक येऊ लागली. त्यांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता, हा दुवा ग्रेग यांनी जुळवला. पहिल्या १२ आठवड्यांत आईला लागण झाली तर दहापैकी आठ-नऊ गर्भांना बाधा होऊ शकते: मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचे दोष, नाहीतर गर्भपात. अमेरिकेत १९६४-६५ च्या साथीनंतर अशी सुमारे २०,००० बाळं जन्मली. ‘साधा गोवर’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

‘पुरळ बघून ओळखता येतो’ हेही खोटं. गोवर, डेंगी, औषधाची ॲलर्जी, सगळ्यांत पुरळ येतं. जोराचा ताप, खोकला, लाल डोळे असतील तर गोवराची शंका घ्यावी, पण खात्री रक्त तपासूनच होते. त्यात रुबेला झालेल्या पाव ते निम्म्या लोकांत लक्षणंच दिसत नाहीत, आणि दिसली तरी पुरळाच्या आठवडाभर आधीपासून पुढे आठवडाभर तो पसरत असतो. म्हणजे पोराला कडेवर घेऊन तुम्ही कुणाच्या डोहाळजेवणाला जाऊन आलात, त्याच्या अंगावर पुरळ चार दिवसांनी उठलं. पुरळ उठल्यावर सात दिवस मूल घरी ठेवायचंच, पण तेवढ्याने भागत नाही. म्हणून लस.

कडुनिंबाबद्दल माझं भांडण नाही. पाला उशाशी ठेवा, विषाणूला त्याचं काही वाटत नाही. रुबेलावर औषधच नाही. विश्रांती, भरपूर पाणी-पेज, ताप असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन मुलांना देऊ नका, उरलेलं अँटिबायोटिकही नको. मूल सुस्त पडलं, झटका आला, धाप लागली तर घरगुती काही न करता दवाखाना गाठा. घरात किंवा शेजारी गरोदर बाई असेल तर तिने वाट न बघता डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्यावं.

राहिली वंध्यत्वाची अफवा. गरोदर बाईला ही लस देत नाहीत आणि घेतल्यावर एक महिना दिवस जाऊ देऊ नयेत असं सांगतात. माझा अंदाज, त्याचंच कुणीतरी ‘मूल होत नाही’ केलं. ही लस १९६९ पासून वापरात आहे आणि तिच्याने वंध्यत्व येत नाही. उलट लस सोडून ‘होऊन गेलेला बरा’ म्हणणाऱ्यांना मुलीला लहानपणी रुबेला झाला की नाही हेच कळत नाही, कारण जे पुरळ बघून ते ठरवतात ते रुबेलाचं असेलच असं नाही.

सरकारी यादीत बाळाला गोवर-रुबेलाचे दोन डोस आहेत: ९ ते १२ महिने आणि १६ ते २४ महिने. महाराष्ट्रातली मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली, ती १५ वर्षांच्या आतल्यांसाठी. त्यापेक्षा मोठ्या मुली तिच्यातून सुटल्या. त्यांनी लग्नाआधी किंवा मूल ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. मजकूर पाठवणाऱ्या काकूंच्या सुनेला मी हे फोन करून सांगितलं. ती २००० सालची.