मालिका लिहायचीय? मग आधी मान डोलवायला शिका

पटकथा शिकायच्या भानगडीत अजिबात पडू नका. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, टायटलमध्ये तिघांचीही नावं जातात, त्यामुळे वाट कुणी लावली हे प्रेक्षकाला शेवटपर्यंत कळत नाही, एवढी सोय दुसऱ्या कुठल्या धंद्यात आहे सांगा!

क्राफ्ट म्हणाल तर एक दार पुरतं. दाराआड उभं राहून कुणीतरी अर्धंच ऐकायचं, सगळं ऐकलं तर मालिका त्याच आठवड्यात संपेल आणि तुमचा चेकही. सोबत एक मेडिकल रिपोर्ट ठेवा. सोमवारी तो नायिकेच्या हातात येतो, मंगळवारी सासूच्या, पण सासूला चष्मा सापडत नसतो, असा चष्मा नीट सांभाळला तर दिवाळीपर्यंत जातो. कॅरॅक्टर आर्क, म्हणजे पात्र गोष्टीत कसं बदलत जातं ते, वगैरे वर्कशॉपमध्ये शिकला असाल तर ते घरीच ठेवा, कारण नायिकेचा नाटकाचा प्रयोग लागला की तिला माहेरी पाठवायचंय, हा तिचा आर्क. गुरुवारी टीआरपी पडला की चॅनलवाले तुम्हाला हाक मारतील, तेव्हा गेलेली आजी परत आणायची, कशी ते तुम्ही बघा, नोट एवढीच असते की "इमोशनल पाहिजे पण लाइट". अर्थ विचारायचा नाही, "हो हो, आलं लक्षात" म्हणायचं.

आता करिअर. मुंबईत वर्सोव्याला, ऑडिशन आणि निर्मात्यांच्या ऑफिसांच्या आरामनगरात कॉफी पीत भेटेल त्याला गोष्ट ऐकवा, पूर्ण, क्लायमॅक्ससकट. स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे, म्हणजे लेखकांच्या संघटनेकडे, गोष्ट आपल्या नावावर घरबसल्या ऑनलाइन रजिस्टर करता येते म्हणे, पण कशाला, माणसांवर विश्वास नको का? करार न वाचता सही करा. 2012 साली कॉपीराइट कायदा बदलला, रॉयल्टीतला लेखकाचा वाटा असा कुणाला लिहून देता येत नाही, पण हा विषय मीटिंगमध्ये काढू नका, निर्मात्याचं बीपी वाढतं. पैसे टेलिकास्टनंतर 90 दिवसांनी येतात (येतात म्हणजे येतात असं म्हणतात), तोवर घरमालकाला टेलिकास्ट म्हणजे काय ते समजावून सांगायचं, तेवढीच नॅरेशनची, म्हणजे गोष्ट ऐकवायची, प्रॅक्टिस.

आणि सकाळी 7 ची शिफ्ट, आर्टिस्ट मेकअप करून बसलेत, सीन अजून तुमच्या डोक्यातही नाही, तर घाबरू नका, व्हॉइस नोटवर संवाद बोलून टाका, सेटवरचा असिस्टंट उतरवून घेतो. त्याने वाक्य बदललं तर बदलू द्या, बहुतेक वेळा त्याचंच बरं असतं. पुढच्या मालिकेत तुमच्या जागी त्याचं नाव दिसलं की लगेच अभिनंदनाचा मेसेज टाका, उद्या काम त्याच्याकडेच मागायचंय.