वस्तादचं वजन

आमच्या कुत्र्याचं नाव वस्ताद. कोल्हापुरात कुत्र्याला हे नाव ठेवू नये, हे कळायला मला एक सकाळ पुरली. रंकाळ्यावर कुणाच्या तरी हातून पडलेलं कांदाभजं त्यानं उचललं आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "वस्ताद, थुंक ते आधी! लाज वाटत नाही?" पलीकडच्या कट्ट्यावर कडुलिंबाची काडी चावत एक गृहस्थ बसले होते. दोन्ही कान मोडलेले, दंड माझ्या मांडीएवढा. ते सावकाश उठले. काडी त्यांनी थुंकलेली होती.

मी थरथरत्या बोटानं कुत्रा दाखवला. त्यांनी त्याला शेंडीपासून शेपटीपर्यंत न्याहाळलं, मग मला न्याहाळलं, आणि म्हणाले, "नाव ठेवलासा ते ठेवलासा, आता अंग तरी कमवायला लावा की त्याला. नुसता गोळा झालाय."

गोळा हा शब्द मला लागला, कारण तो खरा होता. कुत्रा मुलीनं आणला, नाव मुलीनं ठेवलं आणि नोकरी लागल्यावर मुलगी पुण्याला गेली. कुत्रा लॅब्राडॉर, वय चार वर्षं, वजन 41 किलो. "ह्याच्या अंगकाठीला बत्तीस-तेहतीस पुष्कळ झाले," असं जनावरांचे डॉक्टर म्हणाले. म्हणाले कुत्र्याबद्दल, पण बघत होते माझ्या पोटाकडं. मग त्यांनी डोंगराचे गुण सांगायला घेतले. चढणीनं पायात ताकद येते, चरबी उतरते. नवे नवे वास मिळाले की कुत्र्याचं डोकं कामाला लागतं आणि मग ते घरात पायताणं फाडत नाही. हा शेवटचा मुद्दा मला पटला. कोल्हापुरी पायताण ही वस्तादच्या लेखी चांगली कडक भाजलेली भाकरीच आहे. चार वर्षांत पाच जोड गेलेत, त्यातले दोन पाहुण्यांचे.

लॅब्राडॉर एवढं खातो कशाला, याचं एक कारण केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 साली शोधून काढलं. साधारण दर चौथ्या लॅब्राडॉरच्या एका जनुकातला तुकडा गळालेला असतो, त्यामुळं पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचतच नाही. हे वाचून मला कुत्र्याची दया आली आणि गावाचाही थोडा उलगडा झाला. तांबड्या-पांढऱ्याच्या पंगतीत पाचव्यांदा वाटी पुढं करणाऱ्या आमच्या मेव्हण्याला तपासायला केंब्रिजनं एकदा यावं. राहायची सोय मी करतो.

तर ठरलं. दर रविवारी डोंगर, बाकीचे दिवस गावात सराव. डॉक्टरांनी पथ्यं सांगितली होती. ऊन चढल्यावर न्यायचं नाही, कारण कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच अंग गार करावं लागतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी. आणि डांबरी रस्ता तापलाय असं वाटलं तर हाताची पालथी बाजू सात सेकंद डांबरावर टेकवून बघायची. आपला हात टिकला तर त्याचे पंजे टिकतात.

पहिल्याच आठवड्यात, सकाळी साडेनऊला, मी भर रस्त्यात उकिडवा बसून डांबराला हात लावला. तीन सेकंदही झाले नसतील.

"काका, काय पडलं?"

"काही नाही, डांबर बघतोय."

झालं. "रस्ता तपासायला सायब आल्यात!" अशी हाळी गेली आणि सातव्या सेकंदाला माझ्याभोवती नऊ माणसं होती. एकानं मला खड्डा दाखवला. दुसऱ्यानं त्याहून मोठा दाखवला. एका मावशींनी गटारीचं गाऱ्हाणं घातलं, आणि मी गटारीचा नव्हे हे सांगूनही त्या म्हणाल्या, "लिवून तरी घ्या." शेवटी मी खिशातून दुकानाच्या पावतीचा कागद काढून दोन खड्डे आणि एक गटार लिहून घेतली. तेवढ्या वेळात त्या नऊ जणांतल्या कुणीतरी वस्तादला ग्लुकोजच्या बिस्किटांचा अख्खा पुडा चारला होता. हा पुडा पुढं महत्त्वाचा आहे.

डोंगर कुठला, यावर घरात एकच मत चालतं. ही म्हणाली, "चढायचाच तर जोतिबाचा चढा. कुत्र्याचं वजन उतरो न उतरो, पदरात पुण्य तरी पडंल." शिवाय रविवार म्हणजे देवाचाच वार. कुशिऱ्यापर्यंत वडापनं जायचं आणि तिथनं पायवाटेनं वर, असा बेत ठरला.

वडापवाल्यानं वस्तादकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "ह्याचं शीट धरायला लागंल."

"अर्धं धरा."

"अर्धं? ह्याची दोन हुत्यात."

दीडवर तुटलं. आत एक तासगावकडच्या आजी होत्या, मांडीवर बेदाण्याची पिशवी. वस्तादनं त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून जगातला शेवटचा उपाशी जीव आपणच, असा चेहरा केला. आजींनी मूठ भरली आणि मी झडप घातली. बेदाणे, द्राक्षं यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे मी धावत्या जीपमध्ये ओरडून सांगितलं. आजी म्हणाल्या, "एवढं काय बाबा, फुकट देत हुते." मग सगळ्या गाडीनं मला चिक्कू ठरवलं आणि आजींनी पदराच्या गाठीतली शेंगदाण्याची चिक्की काढून त्याला दिली.

चढ सुरू झाला. इथं एक फायदा मान्य करायला हवा. 41 किलोचं जनावर पुढं ओढत असलं की माणसाला चढ निम्मा लागतो. ते पट्टा ताणतं, आपण फक्त पाय उचलायचे. पण ओढ थांबली की एकदम थांबते. वस्तादला करवंदीच्या जाळीत काहीतरी सापडतं आणि तो वाचायला बसतो. वाचायलाच म्हणतो मी. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी 50-60 लाख, त्याच्या नाकात 20 कोटींच्या घरात. आपल्याला जिथं नुसतं झुडूप दिसतं तिथं त्याला सकाळचा ताजा पेपर असतो. आधी करवीर तालुक्याच्या बातम्या, मग पन्हाळ्याच्या, शेवटी छोट्या जाहिराती. मग तो स्वतःही तिथं चार ओळी छापतो आणि पुढच्या जाळीकडं निघतो. मी पाठीवर त्याचं पाणी, त्याचं भांडं, त्याचा टॉवेल, गोचीड काढायचा चिमटा आणि मलमपट्टी घेऊन उभा. माझं पाणी घरी, ओट्यावर.

दुसऱ्या हातात ती पिशवी. कुत्रा पाळणाऱ्यांना कळेल कुठली. वाटेत एक ओळखीचे भेटले, लांबूनच म्हणाले, "काय, भडंग आणलंय वाटतं?" आणि हात पुढं केला. आमचे संबंध पूर्वीसारखे राहिलेले नाहीत.

वर ही दर्शनाला आत गेली. आम्ही दोघं लांब, पायऱ्यांच्या कडेला. तेवढ्यात एक जथा आला, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" असा गजर झाला आणि गुलालाबरोबर खोबरं उधळलं गेलं. गेल्या चार वर्षांत वस्तादचे चारही पाय एका वेळी जमिनीवरून सुटलेले मी पाहिले नव्हते. त्या दिवशी पाहिले. खोबऱ्याचा पहिला तुकडा त्यानं वरच्या वर झेलला, दुसरा वळून झेलला, तिसऱ्याला तर असा उसळला की एक पोरगं ओरडलं, "नाद खुळा!" मग काय, लोकांनी दुसरी मूठ खास त्याच्यासाठी उधळली. मी अंगात चपळाई यावी म्हणून इथवर आलो होतो, त्यामुळं तक्रार कुठल्या तोंडानं करणार?

ही बाहेर आली तेव्हा तिच्यापुढं एक गुलाबी माणूस आणि एक गुलाबी कुत्रा उभा होता. उतरताना वस्तादनं मला कुशिऱ्यापर्यंत घसपटत आणलं. चढाला कुत्रा पुढं असावा आणि उताराला मागं, या नियमातला फक्त पहिला भाग त्याला मान्य आहे. सकाळचाच वडापवाला होता. तो म्हणाला, "सकाळी पांढरं नेलतासा न्हवं? हे कुणाचं आणलं?"

रात्री हिनं दोघांनाही अंगणात बसवून गोचीड बघितले. कुत्र्याला एकही नव्हता. मला दोन निघाले. त्यासाठी त्याला दर महिन्याला मानेवर औषध लावतात. मला कोण लावतंय?

असे तीन महिने गेले. एक गोष्ट मात्र झाली. ज्या गल्लीत मी सव्वीस वर्षं राहतो, तिथं मला आता सगळे ओळखतात. नावानं नव्हे. "वस्तादवाले." तीन प्रश्न ठरलेले, चावतंय का, काय खातंय, केवड्याला घेतलं. याच क्रमानं. उत्तरं ऐकायला कुणी थांबत नाही, कारण तोवर खाली वाकून "आलास व्हय रं माझ्या वाघा" सुरू झालेलं असतं. बँकेत रांगेत पुढं घेतात, फक्त कुत्रा बरोबर नसला तर कारण विचारतात.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी वस्तादला काट्यावर चढवलं. साडेबेचाळीस. मग, काटा बिघडला असेल म्हणून, मी चढलो. सहा किलोंनी उतरलेलो. डॉक्टर बराच वेळ दोन्ही आकडे आलटून पालटून बघत राहिले. "ह्याला घरी काय देता?" मी सांगितलं, तुम्ही सांगितलेलं, तेवढंच, मोजून.

मग मी तपास केला. तो गल्लीपासूनच सुरू झाला आणि मला हळूहळू खाली बसावं लागलं. ग्लुकोजचा तो पुडा रोजचा होता. किराणा दुकानदार गुळाचा खडा देत होते. संध्याकाळी ही त्याला गंगावेशीत दूध कट्ट्यावर घेऊन जायची, तिथं म्हशीची धार काढताना पहिली पितळी गिऱ्हाइकाला आणि दुसरी वस्तादला. पण सगळ्यावर कडी केली रंकाळ्यावरच्या त्या गृहस्थांनी. मी सकाळी पाठ फिरवून वाकणं-उठणं करत असे, तेवढ्या वेळात ते त्याला दोन उकडलेली अंडी चारत होते. विचारायला गेलो तर छाती फुगवून म्हणाले, "खुराक लावलाय. नुसत्या मेहनतीनं अंग धरत न्हाई."

"माणसं नसतील तिथं न्या," डॉक्टर म्हणाले.

कोल्हापुरात माणसं नसलेली जागा म्हणजे पन्हाळ्यापलीकडचं मसाई पठार, तेही जुलै सोडून. 1660 च्या जुलैत, भर पावसात, सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून विशाळगडाकडं गेले ती वाट याच पठारावरून जाते, आणि दर जुलैत ती चालायला पोरांच्या झुंडी येतात. झुंडी म्हणजे बिस्किटं. म्हणून आम्ही नोव्हेंबरात गेलो. फुलं संपलेली, गवत पिवळं पडलेलं, पायाखाली खडबडीत जांभा, आणि नजर जाईल तिथवर सपाटी. वाऱ्याशिवाय कुणी नाही. मी पट्टा सोडला. वस्ताद पळाला, परत आला, पुन्हा पळाला. मी एक किलोमीटर चाललो तेवढ्यात त्याचे तीन झाले असतील. चार वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की हे कुत्रं पळू शकतं.

तो पळाला तो थेट मेंढरांत. शंभरेक मेंढरं, आणि एका मेंढीनं पुढं येऊन पाय आपटला. फक्त एकदा. 42 किलोचा वस्ताद माझ्या दोन पायांच्या मधनं मागं गेला.

धनगर आजोबा दगडावर बसले होते. त्यांचं कुत्रं शेजारी, पोट पाठीला लागलेलं, नजर मेंढरांवर. त्यानं आमच्याकडं मान वळवायचेही कष्ट घेतले नाहीत.

"ह्यो राखण करतोय का?" आजोबांनी विचारलं.

"नाही."

"शिकार?"

"नाही."

"मग करतोय काय?"

"फिरतो."

"आन् तुमी?"

"मी त्याला फिरवतो."

आजोबांनी यावर बराच विचार केला. "म्हंजे दोघांस्नी बी काम न्हाई."

मी शेजारी टेकलो. त्यांनी फडकं सोडलं. भाकरी, खर्डा, कांदा. मी काही बोलायच्या आत भाकरीचा अर्धा भाग वस्तादच्या तोंडात गेलेला होता. मग त्यांनी कांदा दगडावर ठेवून बुक्कीनं फोडला, आणि अर्धा त्याच्यापुढं धरणार तेवढ्यात मी दोन्ही हात आडवे घातले. कांदा नको, कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्याला विष आहे ते. आजोबांनी हात मागं घेतला. कुत्र्याकडं बघितलं. मग माझ्याकडं, डोक्यापासून पायापर्यंत.

"मग तुमी घ्या," म्हणाले, आणि अर्धी भाकरी, खर्डा आणि अख्खा फोडलेला कांदा माझ्या हातावर ठेवला. "तुमीच लई वाळलाय."