दोन तोळ्यांना दहा ग्रेन कमी

नवी मोटरसायकल घेतलेल्या माणसाला आमच्या साताऱ्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" तो कंपनीचा आकडा सांगतो, विचारणारा मनातल्या मनात त्यातून पंधरा वजा करतो आणि दोघंही शांतपणे चहा पितात. ही वजाबाकी मला तोंडपाठ होती. तरी धनुष्य घेताना मी आकड्याला भुललोच.

सुरुवात ऑगस्ट २०२३ मध्ये झाली. आपल्या साताऱ्याच्या अदिती स्वामीने बर्लिनला १५० पैकी १४९ गुण मारून कंपाउंड प्रकाराचं जागतिक विजेतेपद आणलं, तेही सतराव्या वर्षी. त्यानंतर गावातल्या प्रत्येक बापाला आपली मुलगी लहानपणी गलोल कशी अचूक मारायची ते आठवायला लागलं. मलाही आठवलं. आमची गलोल मारायची की नाही, याबद्दल घरात मतभेद आहेत. पण तिला धनुर्विद्येला घातलं, रोज सोडायला-आणायला गेलो आणि तीन महिन्यांत स्वतःच एक कंपाउंड घेऊन बसलो. वय ४७.

कंपाउंड म्हणजे रामायणाच्या मालिकेतलं धनुष्य नव्हे. दोन्ही टोकांना लंबगोल पुल्या, मध्ये दोऱ्यांचं जाळं. लांबून पाहिलं तर विहिरीवरचा रहाट कुणीतरी उचकटून आणल्यासारखं दिसतं. हॉलिस अ‍ॅलन नावाच्या अमेरिकन गृहस्थाला १९६९ साली याचं पेटंट मिळालं. गंमत अशी की ओढताना सुरुवातीला जीव जातो आणि पूर्ण ओढलं की पुल्या फिरून हातावरचा भार एकदम उतरतो. आमच्या ऑफिसात मार्चअखेर आणि एप्रिल असतो तसं.

माझ्या धनुष्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत होतं, ३३५ एफपीएस. म्हणजे बाण सेकंदाला ३३५ फूट जाणार. मी मोबाईलवर हिशेब केला, ताशी ३६७ किलोमीटर. या वेगाने सातारा ते पुणे अठरा मिनिटं. वाटेतला टोल वेगळा. हा आकडा मी पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत भेटेल त्याला सांगितला. लोकांनी सवयीने पंधरा वजा केले असणार, पण तोंडावर कुणी बोललं नाही.

मग आम्हा तिघा हौशी पालकांनी वर्गणी काढून वेग मोजायचं यंत्र मागवलं. त्याला क्रोनोग्राफ म्हणतात. टिफिनच्या डब्याएवढी पेटी, तिच्यावर पुढे-मागे दोन डोळे आणि डोळ्यांवर तारांनी उभी केलेली पांढरी छपरं. बाण पहिल्या डोळ्यावरून गेला की त्याची सावली पडते, घड्याळ सुरू. दुसऱ्यावर पडली की बंद. मधल्या अंतराला वेळेने भागायचं. पाचवीचं गणित. फक्त बाण त्या छपराखालून जायला हवा, छपरातून नव्हे. हे वाक्य माहितीपत्रकात लिहिलेलं नाही, म्हणून आमचं एक छप्पर पहिल्या दिवशीच गेलं. त्या जागी आता थर्माकोलची पत्रावळ आहे.

श्रावणातला पाऊस, त्यामुळे आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये ट्यूबलाइट लावून मोजायला बसलो. पहिला बाण सोडला. आकडा आला ११४७.

तिघंही गप्प. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ११३० फूट. म्हणजे दोरी सुटल्याचा आवाज लक्ष्यापाशी पोचायच्या आधीच बाण तिथे जाऊन पोचलेला. मी धनुष्य जरा हळूच खाली ठेवलं. दुसऱ्या बाणाला ८९ आला. या वेगाने तर आमचे शेजारी सकाळी पेपर फेकतात. तिसऱ्याला यंत्राने आकडाच दिला नाही.

आमचे कोच जेमतेम अठ्ठावीस वर्षांचे. ते म्हणाले, "काका, ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मिचमिचते. आपल्याला दिसत नाही, त्याला दिसतं. त्याला प्रत्येक मिचमिच बाणच वाटतोय. उघड्यावर चला."

रविवारी उघडीप मिळाली. अजिंक्यतारा समोर धुऊन ठेवल्यासारखा, आकाश एकसारखं पांढरं. यंत्राला असलंच आकाश लागतं. सहा बाण सोडले: २६३, २६४, २६३, २६२, २६३, २६३. यंत्राची कुरकुर आता नव्हती. माझी सुरू झाली. बहात्तर फूट कमी! पंधरा वजा करायची तयारी होती हो, बहात्तरची नव्हती.

घरी मेहुणा आला होता. रहिमतपूरकडे त्याचा दीड एकर ऊस आहे आणि कारखान्याला ट्रॉली घालायच्या आधी तो ती खाजगी काट्यावर घालून येतो. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि निकाल दिला, "दाजी, काटा मारलाय तुमचा."

"अरे, हे अमेरिकेत बनतं."

"मग तिकडं काटं नसत्यात व्हय?"

तरी त्याच्या डोक्यातून एक मुद्द्याची गोष्ट निघाली. म्हणाला, आधी मालाचं वजन करा. बाणाचं वजन ग्रेनमध्ये सांगतात आणि घरातला स्वयंपाकाचा काटा ते धड दाखवत नाही. म्हणून बाण घेऊन आमच्या नेहमीच्या सराफांकडे गेलो. अंगठीच्या गिऱ्हाइकामागे अठ्ठावीस इंची बाण घेऊन उभं राहणाऱ्या माणसाकडे दुकानाचा वॉचमन कसा बघतो, ते अनुभवायचं असेल तर जाऊन या.

सराफकाकांच्या तराजूला काचेची पेटी आहे, वाऱ्याने सोनं हलू नये म्हणून. बाण त्यात मावेना. त्यांनी दोन्ही बाजूंच्या काचा सरकवल्या, पारड्यावर एक वाटी उपडी घातली, तिच्यावर बाण आडवा तोलला, पंखा बंद करायला लावला आणि सगळ्या दुकानाने श्वास धरला. २४.६२ ग्रॅम.

"ग्रेनमध्ये किती झालं?" मी मोबाईल काढला.

"त्याला मशीन कशाला?" काका म्हणाले. "जुना तोळा १८० ग्रेनचा. हल्ली सगळे दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, पण आमच्या वडिलांच्या चोपडीत १८० आहे. हा तुमचा भरला दोन तोळे वीस ग्रेन." मग नाकावरचा चष्मा वर करून, "मजुरी धरायची का?"

३८० ग्रेन. हे घेऊन कोचकडे गेलो, तेव्हा कुठे खोक्यावरच्या आकड्यामागची बारीक अक्षरं कळली. कंपनी खोटं बोलत नाही. ती तीन गोष्टी धरून मोजते: सत्तर पाउंडांचा ताण, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर; तीस इंचांची ओढ, म्हणजे दोरी मागे येते ते अंतर; आणि ३५० ग्रेनचा बाण. सराफी भाषेत, दोन तोळ्यांना दहा ग्रेन कमी. शिवाय तिची दोरी मोकळी असते. आमच्या दोरीला नेम बघायची बारीक चकती आणि हूक अडकवायचा फास, असं मंगळसूत्र असतं. ते बाणाबरोबर धावतं आणि वेग खातं.

त्यात आंतरराष्ट्रीय स्पर्धांत साठ पाउंडांवर ताण चालतच नाही. म्हणजे खोक्यावरचा आकडा ज्या धनुष्याचा, ते घेऊन स्पर्धेच्या मैदानावर गेलात तर पंच बाहेर काढतील. ही धनुष्यं मुळात तिकडच्या हरणांच्या शिकारीसाठी. हरीण दोरीचा आवाज ऐकून उडी मारतं, म्हणून त्यांना वेगाचं वेड. आमचं सावज म्हणजे पन्नास मीटरवर टाचलेला कागद. तो आजवर कधी पळालेला नाही. मी मारूनसुद्धा.

कोचने ठोकताळेही दिले. ओढ इंचाने कमी झाली की साधारण दहा फूट जातात, ताण पाउंडाने उतरला की दोन, बाण तीन ग्रेनने जड झाला की एक. माझा ताण ५८, म्हणजे चोवीस गेले. बाण तीस ग्रेन जास्त, दहा गेले. दोरीवरच्या दागिन्यांचे पाच धरा. राहिली ओढ. ती शिकाऊ दिवसांत कुणीतरी अंदाजाने लावून दिलेली.

"दोन्ही हात पसरून वाव मोजा काका, इंचांत, आणि अडीचने भागा," कोच म्हणाले. "वाव साधारण उंचीएवढीच येते."

तीस इंचांची ओढ म्हणजे पंच्याहत्तर इंच वाव. कंपनीने ज्याला डोळ्यांपुढे ठेवून आकडा काढला, तो गडी सव्वासहा फुटी होता तर.

रात्री मी भिंतीला पाठ लावून येशू ख्रिस्तासारखा उभा राहिलो आणि हिने शिवणाच्या डब्यातली टेप लावली. या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत, कालनिर्णयवरून, स्विचबोर्डावरून. साडेसदुसष्ट. भागिले अडीच, सत्तावीस. तीन इंच कमी, तीस फूट गेले. एकूण एकोणसत्तर. ३३५ वजा ६९ म्हणजे २६६, आणि यंत्राने दाखवले २६३. वरचे तीन फूट मी घट म्हणून सोडून दिले, सराफाकडे सोडतो तसे.

केवढा आनंद झाला मला! धनुष्य खरं, यंत्र खरं, कंपनी खरी. मी मेहुण्याला फोन लावायला निघालो. ही अजून टेप हातात धरून भिंतीपाशीच उभी.

"साडेसदुसष्ट म्हणजे किती फूट हो?"

"पाच फूट साडेसात इंच. का?"

"तुमच्या बायोडेटात पाच फूट दहा होतं."

मी सांगायचा प्रयत्न केला की वाव म्हणजे काही उंची नव्हे, एखाद-दोन इंच इकडेतिकडे होतं. तिने मला भिंतीला टाचा टेकवायला लावल्या आणि डोक्यावर पुस्तक ठेवून तीही मोजली. पाच फूट सात. मग मी म्हटलं, बायोडेटातली उंची ठरावीक परिस्थितीत घेतलेली असते, टाचेचे बूट, नवा भांग, मामांनी धरलेली टेप. तिने माझ्या हातातला फोन काढून घेतला. मेहुण्याला रिंग गेलेलीच होती.

"तुझं खरं होतं रे," ती म्हणाली. "काटा मारलाय. एकोणीस वर्षं झाली."