खाटा की टाकी?

मंदारने कट्ट्यावर कोडं टाकलं. केनियात नाकुरूजवळ 40 मुलांचं एक बालगृह आहे असं समजा. अमेरिकेतल्या चर्चचे बारा स्वयंसेवक दोन आठवडे राबायला येणार आणि पैसे एकाच कामापुरते. काय बांधायचं?

"शयनगृह," सॅम लगेच म्हणाला. चर्चच्या तुकड्या तोच नेतो, त्यामुळे देणगीदाराची नस त्याला ठाऊक. "वीस खाटा वाढल्या की आणखी वीस पोरांची सोय."

रूथ बालसंरक्षणातली. ती उखडलीच. "रिकामी खाट दिसली की ती भरायला मूल शोधलं जातं. आणि अशी बरीच मुलं अनाथ नसतातच. आई किंवा आजी असते, शाळेचा खर्च झेपत नाही म्हणून पाठवते. केनियाने 2017 मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. 2022 ते 2032 चं त्यांचं धोरण मुलांना कुटुंबात परत नेण्याचं आहे. आणि तू खाटा वाढवायला निघालास!"

"मग आत्ता जी 40 आहेत त्यांनी गळक्या पत्र्याखाली झोपायचं? बायबलातलं याकोब 1:27 वाच जरा, अनाथांची काळजी घ्या असं सांगतं."

"वाचलंय. तिथे अनाथांबरोबर विधवाही आहेत. एकट्या आईला घर चालवायला हातभार लावला, तर दोघांचीही काळजी घेतल्यासारखं होतं. पत्रा बदल की, त्याला कोण नाही म्हणतंय?"

यावर सॅम गप्प बसला, पण पटल्यासारखा दिसला नाही.

अन्या मध्येच म्हणाला, "सरळ बोअर मारा ना, पाण्याचा प्रश्न मिटला."

इथे मंदारचं घोडं उधळलं. पाणीपुरवठ्यात मुरलेला माणूस. "नाकुरू रिफ्ट व्हॅलीत येतं. ज्वालामुखी खडक, त्यामुळे बऱ्याच बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅम. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. क्लोरिन आणि साधा कँडल फिल्टर त्याला काहीच करत नाहीत. आठ वर्षांखालच्या पोरांचे पक्के दात हिरडीत घडत असतात, त्यावर पडलेले तपकिरी डाग जन्मभर राहतात. हाडांच्या कोळशाचा फिल्टर चालतो, पण कोळसा संपृक्त झाला की बदलायला लागतो, आणि तो बदलायचा राहून जातो. म्हणून बोअरचं पाणी धुण्याभांड्याला, पिण्या-स्वयंपाकाला पावसाचं."

हिशोब त्याने तिथेच मांडला. माणशी 5 लिटर धरले तर 40 मुलांना दिवसाला 200. जानेवारी-फेब्रुवारीचे 60 कोरडे दिवस काढायचे तर 12,000 लिटर साठा हवा, म्हणजे 10,000 ची एक टाकी पुरत नाही, दोन लागतात. 120 चौरस मीटर पत्र्यावर वर्षाला 900 मिमी पाऊस पडला आणि त्यातला 80 टक्के हाती आला, तर साधारण 86,000 लिटर. गरज 73,000 ची. जमतं, पण जेमतेम. पन्हळ एका जागी जरी खचली तरी गणित कोसळतं.

"सगळ्यात जास्त घोळ पहिल्या पाण्याचा," तो पुढे म्हणाला. "पत्र्यावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण धुऊन येणारं पाणी टाकीत जाता कामा नये. चौरस मीटरला अर्धा लिटर धरा, म्हणजे 60 लिटर सोडून द्यायचे. लोक चार इंची पाइपचा मीटरभर तुकडा उभा करतात. त्यात मावतात जेमतेम 8 लिटर! 60 लिटरचा पिंपच हवा, आणि तळाला हाताने उघडेल असं झाकण. बारीक भोक ठेवलंत तर पहिल्याच पानाने तुंबतं."

तोट्या सामानातून नेण्याच्या सॅमच्या सवयीचा विषय अन्याने काढला. प्लंबिंगचा ठेकेदार तो. "अमेरिकन अर्धा इंची तोटीलाही इंचाला 14 आटे असतात, म्हणून दोन-तीन फेरे बसते. पण त्या आट्यांचा कोन 60 अंशांचा, केनियातल्या ब्रिटिश मापाच्या मालाचा 55. टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळ, ठिबकणारच. ड्रिलही नेऊ नकोस. तिथे 240 व्होल्ट, तुमचं 120 चं मशीन धूर काढेल. माल तिथलाच घ्यायचा, आणि फुंडीही तिथलाच." केनियात कारागिराला फुंडी म्हणतात.

"मग बारा जणांनी तिथे जाऊन करायचं काय? पोरांशी खेळू तरी द्याल?"

"नाही," रूथ म्हणाली. "दर दोन आठवड्यांनी नवा माणूस मांडीवर घेतो आणि निघून जातो. लहान मुलाला ते सोसत नाही. त्यांना सांभाळणारी माणसं रोजची, ओळखीचीच हवीत. तुमच्या माणसांची पोलिस-पडताळणी झाली असली तरी एकट्याने मुलांसोबत थांबायचं नाही. वाळू चाळा, पन्हळ बांधा. जुन्या दुमजली खाटांचे कठडे तपासा. फटीतून अंग सरकून डोकं अडकतं, म्हणून फट 9 सेंटिमीटरच्या आत हवी."

"निम्मी तुकडी गळेल."

"गळू दे."

तेवढ्यात मंदारला आठवलं, "आणि चौथरा! भरलेली टाकी 10 टनांची. खाली नुसती माती असली तर ती एका बाजूला खचते आणि तोटीचा सांधा तडकतो. माती धुम्मसाने ठोकून घट्ट करायची, वर 10 सेंटिमीटर काँक्रीट, आत जाळी. त्यावर निदान सात दिवस पाणी मारायचं, मगच टाकी ठेवायची. म्हणजे तुम्ही पोचायच्या आधीच फुंडीने चौथरा ओतलेला हवा."

"म्हणजे मुख्य काम आमच्या आधीच उरकणार?" सॅम म्हणाला. "मग देणगीदारांना फोटो कशाचा पाठवू?"

"पन्हळीचा पाठव," अन्या म्हणाला. "उतार दर मीटरला निदान अर्धा सेंटिमीटर ठेवलास तर."