प्लॉटला कसला आलाय इन्शुरन्स!

अभिनंदन, घेतलीत ना एकदाची वेल्ह्याकडं एक एकर! (शेतकरी असल्याचा पुरावा कुठनं जमवलात ते मी विचारत नाही.) आता कोणीतरी शहाणा येऊन सांगेल की लायबिलिटी इन्शुरन्स काढा, तिथं कुणाला काय झालं तर भरपाई तुमच्या गळ्यात पडेल. अजिबात ऐकू नका. अहो जागेवर आहे काय, गवत न् दगड!

हां, विहीर आहे. कठडा नसलेली. घेताना हीच विहीर सगळ्या सोसायटीला कौतुकानं सांगत होतात, सातबाऱ्यावर नोंद आहे म्हणून एजंटानं भाव पण चढवून घेतला. ती नोंद आता विसरायची, म्हणजे कुणी पडलं की 'विहीर जुन्या मालकाची' म्हणता येतं. बंद बोअरचं पण तेच. सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच सांगून ठेवलंय, बोअर मारायच्या १५ दिवस आधी लेखी कळवा, तोंडाला बोल्टवालं लोखंडी झाकण लावा, सोडून दिलेली असेल तर तळापासून बुजवून टाका. कोर्टाला काय जातंय सांगायला, ट्रॅक्टरभर मातीचे पैसे कोण देणार? गोणी टाकायची, वर एक दगड ठेवायचा, झालं.

कोथरूडच्या पार्किंगमधली तुमची जुनी स्कूटर वर्षातनं दोनदा निघते, पण तिचा थर्ड पार्टी इन्शुरन्स न चुकता भरता, कारण कायद्यानं सक्तीचाय आणि नळस्टॉपला ट्रॅफिकवाला मामा उभा असतो. माळावर कुठला आलाय मामा?

त्यापेक्षा पाटी लावा. आपण पुण्याचे, पाटीनं काय होत नाही? 'आत आल्यास होणाऱ्या परिणामांस मालक जबाबदार नाही.' आता म्हशींना वाचता येत नाही, पोरांना करवंदं दिसतात पाटी दिसत नाही, आणि समोरचा वकील म्हणेल की पाटी लावलीत म्हणजे धोका माहीत होता की तुम्हाला, मग कठडा का नाही बांधला? पण अक्षर सुबक काढून घ्या.

आणि बायकोच्या आग्रहाखातर पॉलिसी काढलीच, तर फॉर्मवर विहिरीचं अवाक्षर लिहू नका, प्रीमियम वाचेल. शिवाय क्लेमच्या वेळी कंपनीलाही नाही म्हणायला सोपं जाईल, बिचाऱ्यांचा तेवढाच त्रास वाचतो.

मग एखाद्या रविवारी जेवणानंतर आडवे झालात की गावातनं फोन येईल, "साहेब, म्हैस पडलीय तुमच्या विहिरीत, क्रेन बोलवायचीय." घाबरायचं नाही. रेंज नाहीये म्हणायचं न् ठेवून द्यायचा. वेल्ह्याकडं रेंज नसते हे सगळ्यांनाच माहितीये, फक्त फोन तिथनं आलेला असतो आणि तुम्ही कोथरूडात असता, एवढंच.