‘खेड्यात डिप्रेशन नसतं’ हा मेसेज आणि माझ्या भावाची गोळी

गेल्या महिन्यात आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज आला. संध्याकाळपर्यंत तोच मेसेज बचत गटाच्या ग्रुपवर होता, रात्री भाऊबंदकीच्या ग्रुपवरही. त्यात म्हटलं होतं की डिप्रेशन हे शहरातल्या लोकांचं खूळ आहे आणि आपल्या आजोबांच्या काळी असलं काही नव्हतं. शेतकऱ्याचं कर्ज फेडलं की त्याचं डोकं आपोआप ठिकाणावर येतं. डॉक्टरकडे नेलं तर जन्मभराच्या गोळ्या मागे लागतात आणि त्यांची सवय होते. सरकारी दवाखान्यात यावर इलाज नाही, सरळ नागपूरच्या पागलखान्यात टाकतात. दिव्यांग सर्टिफिकेट काढलं की वेडा म्हणून शिक्का बसतो आणि जमिनीवरचा हक्क जातो. कामाला लावा, देवाला न्या, माणूस बरा होतो. आणि शेवटी, मरणाची भाषा करणाऱ्याकडे लक्ष देऊ नका, बोलणारा कधी करत नाही.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात. माझा धाकटा भाऊ सात वर्षांपासून स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येतात त्या आजाराच्या, गोळ्या घेतो, शेत बघतो, आणि गावाच्या त्या ग्रुपमध्ये तोही आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची गोळ्यांची पट्टी पाहिली तर रात्रीची गोळी तशीच होती. मी विचारलं तेव्हा त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला.

म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते आहे.

आजोबांच्या काळी हा आजार होता, त्याला हे नाव नव्हतं. आपल्याकडे ‘भ्रमिष्ट झाला’, ‘वारं लागलं’, ‘कुणीतरी केलं’ हे शब्द काय उगाच आले? मागच्या खोलीत, नाहीतर गोठ्याशेजारी ठेवलेल्या एखाद्या काकाची, आत्याची गोष्ट प्रत्येक जुन्या गावात सापडेल. एकत्र कुटुंबात सांभाळायला माणसं होती हे खरं, तशी झाकून ठेवायलाही होती. २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात मोठ्या शहरांत मानसिक आजारांचं प्रमाण १३.५ टक्के निघालं आणि ग्रामीण भागात ६.९. मोठ्या शहरांत जास्त आहे, एवढं खरं. पण ६.९ म्हणजे हजार मोठ्या माणसांच्या गावात सत्तरेक जण. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा प्रकल्प झाला, त्याच्या सुरुवातीच्या पाहणीत १४.६ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं दिसली होती.

मग ती माणसं आपल्याला दिसत का नाहीत? कारण आपल्याकडे कुणी ‘मी उदास आहे’ असं सांगत येत नाही. इर्विनला, म्हणजे अमरावतीच्या जिल्हा रुग्णालयात, मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर एकदा माझ्या शेजारी एक बाई नवऱ्याला घेऊन बसली होती. मांडीवर बियाण्याच्या कंपनीची कापडी पिशवी, आत नुसते कागद. तीन ईसीजी, छातीचे दोन एक्स-रे, एंडोस्कोपी, थायरॉइड, साखर, सगळं नॉर्मल. ‘दोन वर्सं झाले ताई, यायचा जीव घाबरते. छातीत धडधड होते. पन कागदात काईच निंघत नाई.’ दार उघडंच होतं, त्यामुळे आतलं ऐकू आलं. डॉक्टरांनी एकही कागद न बघता विचारलं, ‘झोप किती वाजता मोडते?’ तो म्हणाला, ‘तीनले.’ ‘मग काय करता?’ बराच वेळ उत्तर आलं नाही. दोन वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. जीव घाबरणं, डोकं जड होणं, अंगात कणकण, मन न लागणं, पहाटे तीनला जाग येऊन पडून राहणं: खेड्यातलं नैराश्य बहुतेक वेळा असं येतं आणि पोटाच्या, छातीच्या डॉक्टरांकडे फिरत राहतं.

कर्जाबद्दल मला वाद घालायचा नाही. कर्ज, नापिकी, भाव न मिळणं यांनी माणूस खचतो हे विदर्भातल्या माणसाला सांगायची गरज नाही, आणि कर्जमाफी मागणाऱ्यांच्या रांगेत आमचंही घर आहे. पण २००८ ला कर्जमाफी झाली, २०१७ ला झाली, २०१९ ला झाली, तरी आत्महत्या थांबल्या नाहीत. खचलेल्या माणसाला पुन्हा उभं राहायला पैसा लागतो तसा इलाजही लागतो. एक दिला म्हणून दुसरा नको, असं कसं होईल? शिवाय ज्या बाईच्या नावावर सातबाराच नाही, तिचं नैराश्य कुठल्या कर्जमाफीत बसवायचं? बाळंतपणानंतर जी रडत बसते तिचं? माझ्या भावाला आवाज ऐकू यायला लागले तेव्हा आमच्यावर सोसायटीचं एक रुपयाचंही कर्ज नव्हतं.

गोळ्यांच्या मुद्द्यावर मात्र मी थांबून बोलणार आहे, कारण भीती इथेच सगळ्यात जास्त आहे आणि तिला कारणही आहे. सवय लावणाऱ्या गोळ्या असतात. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या तर शरीर त्या मागायला लागतं. माझ्या भावाला सुरुवातीला तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात आठ महिने असलीच गोळी दिली गेली. कशासाठी, किती दिवस, हे कुणी सांगितलं नाही. तो दिवसभर पेंगायचा आणि आवाज काही थांबले नाहीत. ते आठ महिने आमचे वाया गेले, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पण त्या गोळ्या वेगळ्या आणि आजारावरच्या गोळ्या वेगळ्या. फ्लुओक्सेटिनसारख्या डिप्रेशनवरच्या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही, डोस वाढवत नेण्याची ओढही लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. लोक आठव्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून सोडतात आणि मग गोळीला नावं ठेवतात. पहिल्यांदाच आजार झाला असेल तर बरं वाटल्यावर साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवून डॉक्टर हळूहळू बंद करतात. एकदम बंद केल्या तर त्रास होतो, म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत. स्किझोफ्रेनियात बहुतेकांना गोळ्या अनेक वर्षं घ्याव्या लागतात, हे मी लपवणार नाही. बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या आपल्या घरोघरी वर्षानुवर्षं चालतातच की. दुष्परिणामही होतात. रिस्पेरिडोन या स्किझोफ्रेनियावरच्या गोळीने भावाचे हात थरथरायचे, वजन वाढलं. डॉक्टरांना सांगितलं, डोस कमी केला, थरथर गेली. वजनाची खटपट अजून चालू आहे. दुष्परिणामांचा पहिला उपाय म्हणजे डॉक्टरांना ते सांगणं.

सगळ्यांना गोळ्याच लागतात असंही नाही. गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका घेतल्या. बरे होणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या उपचारात ३९ टक्के होतं, या बैठका मिळालेल्यांत ते ६४ टक्क्यांवर गेलं. त्या बैठकांत काय केलं, हे ‘कामाला लावा’ म्हणणाऱ्यांनी नीट ऐकावं. पूर्वी काय करताना बरं वाटायचं ते त्या माणसाशी बोलून शोधायचं आणि त्यातलं लहानात लहान काम आज करायला लावायचं, उद्या त्याच्यापुढचं. म्हणजे कामाने फरक पडतो, हे मेसेजमधलंही खरं. पण त्यासाठी शेजारी बसणारं माणूस लागतं. ‘ऊठ, आळशी झालास’ म्हणून ओरडलं तर जो आधीच स्वतःला निकामी समजतो, त्याची तेवढी खात्री पटते.

आता ‘सरकारी दवाखान्यात काही नाही, नागपूरला टाकतात’ याबद्दल. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. पण मानसिक आजार असलेल्या बहुतेक माणसांना तिथे जायची गरजच पडत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ साली सुरू झाला तो याचसाठी, की इलाज घराजवळ व्हावा आणि माणूस आपल्या माणसांत राहावा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, गोळ्या फुकट मिळतात. २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आहे, त्यात आशाताई घरोघरी विचारपूस करतात. माणसाच्या मर्जीविरुद्ध उचलून टाकायचे दिवसही कायद्याने संपवले आहेत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. स्वतःहून दाखल झालेला माणूस स्वतःहून घरी जाऊ शकतो. स्वतः निर्णय घेता येत नसेल तर नातेवाइकांच्या अर्जावर दाखल करतात, तेही दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून आणि आधी ३० दिवसांपुरतंच. साखळीने बांधायला सक्त मनाई आहे.

आणि ‘विश्राम’ प्रकल्पात अठरा महिन्यांत काय झालं तेही सांगते. गावातल्याच शिकवलेल्या कार्यकर्त्या आणि समुपदेशक घरी जाऊ लागले, गरज असेल त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवू लागले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्के झाले. वर्षभरात आत्महत्येचे विचार आलेले ५.२ टक्क्यांवरून २.५ वर आले. हे अमरावती जिल्ह्यात झालं आहे, परदेशात नाही.

सोय पुरेशी आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. तज्ज्ञ कमी आहेत. कधी एखादी गोळी संपलेली असते आणि बाहेरून घ्यावी लागते. मेळघाटातल्या धारणीकडच्या माणसाला अमरावतीला येऊन जायचं तर घाट उतरून-चढून अख्खा दिवस जातो, मजुरी बुडते. २०१७ च्या त्या मानसिक आरोग्य कायद्याच्या १८ व्या कलमात तर म्हटलं आहे की जिल्ह्यात सेवा नसेल तर दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने द्यावा. आपण हे मागितलं पाहिजे, ग्रामसभेत ठराव घेऊन मागितलं पाहिजे. जे ‘तिथे काही नाही’ म्हणून घरीच बसतात, त्यांची नोंद कुठेच होत नाही, आणि नोंद नाही म्हणून पुढच्या वर्षी औषधंही तेवढीच येतात.

सर्टिफिकेटचा मुद्दा थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे आणि त्यात मानसिक आजार आहे. सर्टिफिकेट देताना मानसोपचारतज्ज्ञ चार गोष्टी बघतात: स्वतःची निगा, लोकांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. आजार किती वर्षांचा आहे तेही धरतात. ४० टक्के किंवा जास्त आलं तर संजय गांधी निराधार योजना, एसटीची सवलत, ग्रामपंचायतीचा दिव्यांगांसाठी राखीव असलेला ५ टक्के निधी, यासाठी अर्ज करता येतो. जमिनीचं म्हणाल तर मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की आजाराचं निदान झालं म्हणून कुणी ‘विकल मनाचा’ ठरत नाही, ते फक्त न्यायालय ठरवू शकतं. भावाचं सर्टिफिकेट निघून चार वर्षं झाली. सातबाऱ्यावर त्याचं नाव होतं तसंच आहे, आणि यंदा तुरीचा पीकविमा त्याने स्वतः भरला.

देवाला न्यायला माझी हरकत नाही. आमची आई दर गुरुवारी त्याच्या नावाने दिवा लावते. मेळघाटात तर रुग्णाला दवाखान्यापर्यंत आणायला भूमकांनाच, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूंनाच, सोबत घ्यायचा प्रयत्न झाला, कारण कोरकू माणूस आधी त्यांच्याकडेच जातो. हरकत आहे ती गोळी बंद करायला सांगणाऱ्याला, धुरी देणाऱ्याला, बांधून मारणाऱ्याला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक. ‘बोलणारा कधी करत नाही’ हे साफ खोटं आहे. आत्महत्या केलेल्या कितीतरी माणसांनी आधी कुणाला ना कुणाला सांगितलेलं असतं, कधी उघड, कधी ‘मी नसलो तर बरं होईल’ असं. आपण विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं येईल, ही भीतीही खोटी आहे. विचारल्याने माणसाला हलकं वाटतं. फार शब्द लागत नाहीत. ‘जगणं नको वाटते का? जीव द्यायचे इचार येतात का?’ एवढं सरळ विचारायचं. हो म्हणाला तर त्याला एकटं ठेवायचं नाही, उपदेश करायचा नाही, घरातली फवारणीची औषधं कुलपात नाहीतर दुसऱ्याच्या घरी ठेवायची, आणि लगेच दवाखाना. रात्र असेल तर १४४१६ लावा. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, फुकट आहे, मराठीत बोलतात. जिवाला धोका वाटला तर १०८. पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात न्यायचं टाळू नका. जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा आता धरून चालतो, आणि त्याला शिक्षा न करता त्याची काळजी घेणं सरकारवर बंधनकारक आहे.

त्या सकाळी भावाजवळ ओट्यावर बसून मी हेच सगळं त्याला सांगितलं, मेसेजची एकेक ओळ वाचून. मध्ये त्याने दोन-तीनदा विचारलं, ‘पक्कं ना?’ मी कायद्याचे कागद दाखवले, त्याचीच जुनी केसपेपरची फाइल दाखवली. मग त्याने पाणी आणलं. राहिलेली गोळी आता घ्यायची की रात्रीच, ते डॉक्टरांना फोन करून विचारलं. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, ‘ताई, हे मले एकट्याले काऊन सांगतं? ग्रुपवर टाक ना.’